पंधरा अंश

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात मी कितीतरी पत्रांना उत्तरं दिली. नळाच्या तक्रारींपासून ते लांबच्या नात्यातल्या सांत्वनांपर्यंत सगळं वेळच्या वेळी, आणि घरात माझी तशी ख्यातीही आहे. पण ते एक राहिलं. वहीतून नीट फाडलेली दोन रेघी पानं, बारीक अक्षर, शब्दाशब्दांत सारखं अंतर. लिहिणारी बाई घड्याळं दुरुस्त करायची. वडिलांच्या माघारी दुकान तिच्याकडे आलं होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसल्यानं खांदे आखडतात, म्हणून तिला कुणीतरी सांगितलं की बॉक्सिंगची जड बॅग टांग आणि तिच्यावर ठोसे मारत जा, अंग मोकळं होईल. तिनं दुकानामागच्या खोलीत बॅग टांगली, आणि शिकवायला कुणी नव्हतं म्हणून पुस्तक घेतलं. पुस्तक माझं होतं. आठ आठवडे झाले, तिनं लिहिलं होतं, खांदे खरंच मोकळे झाले, पण उजवं मनगट दुखतं. सकाळी चिमटा धरला की हात थरथरतो, आणि आमच्या धंद्यात हात थरथरला की संपलं. "मी सगळं पुस्तकाप्रमाणे करते. आकृती सातमध्ये मनगट जसं आहे तसंच ठेवते, कोनसुद्धा मोजून पाहिला. तरी दुखतं. म्हणजे माझीच काही चूक होत असणार. कुठे होते ते कृपा करून कळवावं." खाली तिनं आपली मूठ कागदावर आडवी ठेवून पेन्सिलीनं तिची कड गिरवली होती, आणि दुखतं तिथे एक छोटी फुली केली होती.

पुस्तक माझं होतं असं म्हणताना आजही जीभ अडखळते. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. मालकांनी 'घरबसल्या शिका' अशी एक माला काढली होती, आणि तज्ज्ञ मंडळी मजकूर वेळेवर देत नाहीत म्हणून हळूहळू ती पुस्तकं मीच लिहू लागलो. मधमाशा कशा पाळाव्यात, सायकल कशी दुरुस्त करावी, पोहायला कसं शिकावं. मला पोहता येत नाही. मधमाशी आली की मी खोली सोडतो. पुस्तकांवर लेखकाच्या जागी 'एक तज्ज्ञ' असं छापलेलं असे, आणि त्या दोन शब्दांच्या आड मी फार सुखात होतो. चारचौघांत मत विचारलं की ज्याचे कान लाल होतात, अशा माणसाला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? माझी पद्धत एकच होती. जाणकाराला गाठायचं, त्याला समोर करून दाखवायला लावायचं, आणि दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं. पदरचं काही घालायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरावर पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला एवढं तरी कळतं, की आपल्याला जे विचित्र वाटतं ते बहुधा आपल्यालाच न कळलेलं असतं. या सवयीचा मला अभिमान होता, आणि अभिमान वाटाव्यात अशा गोष्टी माझ्याजवळ फार नव्हत्या.

मग एका रविवारी सकाळी मी पेपर घ्यायला गॅलरीत गेलो. दोन महिन्यांपासून तिथे सुनेची बॅग टांगलेली होती; मुलानं फिरतीवर जाण्याआधी छतात लोखंडी कडी बसवून दिली होती. सून रुग्णालयात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांना 'श्वास रोखा, हलू नका' सांगून सांगून तिचा आवाज तसाच झालाय. घरात माझ्या मुलालाही ती तेच सांगते आणि तोही हलत नाही. सुट्टीच्या सकाळी आणि कामावरून आल्यावर गॅलरीतून धप्प, धप्प असा आवाज यायचा. सुनेच्या व्यायामाकडे सासऱ्यानं बघत बसू नये अशी माझी समजूत, म्हणून मी त्या वेळात गॅलरीकडे पाठ करून बसायचो. आवाज तेवढा ओळखीचा झाला होता. त्या दिवशी मात्र तिनंच हाक मारली. "बाबा, जरा मागून बॅग धरता का? फार हेलकावतेय." मी पेपर काखेत मारला आणि दोन्ही हातांनी बॅग धरली. गालाला थंडगार रेग्झिन लागलं. पहिला ठोसा आला तो माझ्या छातीपर्यंत पोचला, आणि मी जरा दचकून बॅगेच्या कडेनं पुढे डोकावलो. तेवढ्यात दुसरा आला, आणि या वेळी मला तिची मूठ कडेनं दिसली. हात खांद्यापासून सरळ आला, कोपर सुटलं, आणि शेवटच्या वीतभर अंतरात मूठ खाली झुकली. फार नाही. एखादा माणूस मान देताना डोकं झुकवतो तेवढी. ती मूठ मी ओळखली. ती लहान होती, तिशीतल्या बाईची मूठ होती. पण झुकणं एका म्हाताऱ्या माणसाचं होतं, आणि तो माणूस जाऊन वीस वर्षं होत आली होती.

सून थांबली. पट्टी बांधलेला हात झटकत उभी राहिली.

"काय गं, लागलं?"

"छे, मनगट. हे रोजचंच आहे. परवा कामावर हाताचा एक्स-रेसुद्धा काढून घेतला, मोडलंबिडलं काही नाही. माझंच काहीतरी चुकतंय." मग तिनं वॉशिंग मशीनकडे हनुवटी केली. "पुस्तक तर चांगलं आहे."

मशीनवर मुखपृष्ठ गेलेलं, ओल लागून फुगलेलं एक पातळ पुस्तक उघडं पालथं ठेवलं होतं. ते उचलायची गरज नव्हती, तरी मी उचललं.

"कुठे मिळालं?"

"फुटपाथवर, जुन्या पुस्तकांत. मोबाइलवर बघून शिकायचं म्हणजे एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो तसं. यात बघा, कोनबिन दिलेत. 'मनगट तळव्याच्या बाजूस सुमारे पंधरा अंश झुकलेले असावे.' इतकं बारकाईनं कोण लिहितं हो आता?"

मी 'हं' म्हणालो आणि आत आलो. पेपर उघडून बसलो. थोड्या वेळानं बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन तो माझ्या हातातून घेतला, सुलटा केला आणि पुन्हा माझ्या हातात दिला.

ते पंधरा अंश मी कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजले होते. छापखान्याच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांमध्ये, आम्ही एक जुनी बॅग आडव्या नळीला टांगली होती. मास्तरांना मी एका बंद पडत आलेल्या व्यायामशाळेतून शोधून काढलं होतं. मास्तर साठीचे, बुटके, मान जवळजवळ नाहीच, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य आधी बजावून मग सांगायचे. "ऐका. पायातून येतो ठोसा. ऐका. हातातून येत नाही." चित्रकार स्टुलावर बसून चित्रं काढत होता. मी वही घेऊन उभा. मास्तरांनी मूठ पुढे केली आणि मी विचारलं, "मनगट कसं ठेवायचं?" ते म्हणाले, "सरळ ठेवायचं. ऐका. सरळ." आणि जी मूठ त्यांनी धरली ती सरळ नव्हती. मी तीन वेळा विचारलं. तीनदा त्यांनी सरळ म्हटलं आणि तीनदा मूठ तशीच झुकली. चित्रकारानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "यांचं मनगट वाकडं दिसतंय हो. मी सरळ काढू का?" तो क्षण मला आजही अगदी स्वच्छ दिसतो. खिडकीतून येणारा उजेड, रिमांचा कोरा वास, चित्रकाराच्या कानावर अडकवलेली पेन्सिल. मला वाटलं, बोलणं ही मास्तरांची बाजू नाही, त्यांचं खरं ज्ञान हातात आहे. ते ज्याला सरळ म्हणतात ते सरळ असंच असणार, आणि ते असं का असावं हे विचारणारा मी कोण? ज्यानं जन्मात कुणाला चापटही मारली नाही, तो माणूस मास्तरांची मूठ सरळ करणार? मी म्हणालो, "दिसतं तसं काढा." मग कोनमापक आणून मोजमाप घेतलं. मास्तर हसले. म्हणाले, "शाळेत मला असं मोजलं असतं तर मी पास झालो असतो." चहा आला तेव्हा त्यांनी कप डाव्या हातानं उचलला. मी तेही पाहिलं होतं. डावखुरे असतील असं वाटलं.

पत्र आलं तेव्हा मास्तर जाऊन सहा महिने झाले होते. मालकांनी पाकीट माझ्या टेबलावर टाकलं. "तुमच्या तज्ज्ञाला आलंय. पत्र येतंय म्हणजे वाचतंय कुणीतरी." मी ते घरी नेलं, दार लावून आरशासमोर उभा राहिलो, आणि मूठ मिटून हात पुढे केला. सरळ केला, मग झुकवला. सरळ ठेवून तीच मूठ भिंतीवर टेकवली, रेटून पाहिली. झुकवून टेकवली, रेटून पाहिली. जे कळायचं ते मला त्याच वेळी कळलं असणार. पण कळलं असं मी स्वतःला म्हणू दिलं नाही. भिंत रेटणं म्हणजे काही ठोसा नव्हे, असं म्हणालो. एका बाईचं मनगट दुखलं म्हणून मास्तरांची चाळीस वर्षं खोटी ठरवायची का, असं म्हणालो. कुणातरी जाणकाराला विचारून मगच लिहू. पुढच्या आठवड्यात विचारू. मग महिना गेला, आणि उशीर झाला याचीच लाज इतकी वाढली की मूळ प्रश्न तिच्याखाली दबून गेला. आपल्याविषयीची शंका फार सोयीची असते. माझ्यासारख्याला काय कळतंय, असं म्हटलं की काही करावं लागत नाही, आणि वर लोक नम्र म्हणतात. दोन वर्षांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मुद्रितं माझ्याकडेच आली. मी दोन अनुस्वार दुरुस्त केले आणि पंधरा अंश तसेच जाऊ दिले. त्या पानावर माझी पेन्सिल थांबली होती, हे मला आठवतं. ती किती वेळ थांबली होती, ते आठवत नाही.

रविवार गेला, सोमवार गेला. गॅलरीतून आवाज आला की मी पुस्तक मिटून बसायचो. दर ठोशाबरोबर मला ती मूठ झुकलेली दिसायची, आणि तिच्यामागे, भिंग लावून वाकलेली, मी कधीही न पाहिलेली एक बाई. मंगळवारी संध्याकाळी सून कामावरून आली आणि डाव्या हातानं कुलूप उघडायला लागली. किल्ली लागेना. मी आतून दार उघडलं, आणि उंबऱ्यातच, तिच्या खांद्यावर पर्स असतानाच म्हणालो, "त्या पुस्तकातलं मनगट चूक आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"ते मी लिहिलंय."

तिनं पर्स खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. "आई! हे काय म्हणतायत?"

"काय ते तेच सांगतील," ही आतून म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून वाट बघतेय, हे काहीतरी म्हणतील म्हणून."

मग मी सगळं सांगितलं. मास्तर, चित्रकार, कोनमापक. सून आधी हसली. तो तज्ज्ञ म्हणजे तुम्ही, म्हणाली, तुम्ही, ज्यांना बाटलीचं झाकण उघडता येत नाही! मग मध्येच थांबून तिनं विचारलं, "त्या मास्तरांचा हात कधी मोडला होता का?"

"माहीत नाही."

"कप डाव्या हातानं उचलला म्हणालात. मोडलेलं हाड वाकडं जुळलं ना, की माणूस हात सरळ करतो, त्याला तो सरळच वाटतो, आणि तो असतो वाकडा. आमच्याकडे रोज येतात असे. प्लेटवर हात सपाट ठेवा म्हटलं तर रागावतात. म्हणतात, सपाटच तर आहे." तिनं स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "ते बरोबर सांगत होते, बाबा. सरळ म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

एवढं आयुष्य शब्दांवर काढलं, आणि जिथे शब्द तेवढा खरा होता तिथे मी डोळ्यांवर विश्वास ठेवला. सून जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "दोन महिने मी मलाच शिव्या घालतेय. म्हटलं, आपल्या मनगटात दमच नाही. बॅग विकून टाकणार होते." हे ऐकल्यावर मला उठावंच लागलं. मी शब्दकोशात जपून ठेवलेलं ते पत्र काढून आणलं आणि दोघींसमोर ठेवलं. सुनेनं वाचलं. हिनं चष्मा लावून वाचलं, पेन्सिलीच्या मुठीवरून एकदा बोट फिरवलं, आणि म्हणाली, "एकोणीस वर्षं? अहो, कमाल आहे तुमची. त्या बाईनं 'माझीच चूक असणार' म्हटलंय, आणि तुम्ही ते असणार म्हणून सोडून दिलंत?"

"लिहितो," मी म्हणालो.

"काय लिहाल?" सून म्हणाली. "सरळ ठेवा एवढंच? पुन्हा ऐकीवच?"

रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला तीन आठवडे मनगटाला पट्टा लावून विश्रांती घ्यायला सांगितली होती. ते तीन आठवडे गॅलरी शांत होती, आणि मी उत्तराचे मसुदे करत होतो. पहिला अकरा पानांचा झाला. त्यात छापखाना होता, मालक होते, मास्तरांचा स्वभाव होता, माझा स्वभाव तर फारच होता. दुसरा सात पानांचा. प्रत्येक मसुद्यात पत्रातल्या बाईच्या मनगटापर्यंत यायला मला तीन-चार पानं लागत, आणि तिथे आलो की लेखणी अडायची. कारण सुनेचं खरं होतं, मला अजूनही काही माहीत नव्हतं. चौथ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेल्या गोष्टी घेऊन सून पुन्हा बॅगेसमोर उभी राहिली आणि मी वही घेऊन. तिनं वही माझ्या हातातून काढून मशीनवर ठेवली. "लिहू नका. हात पुढे करा."

"माझा?"

"मग काय माझा? बोटं फाकवा. आणखी. लाजताय काय, हात मागितलाय, सही नाही."

चौऱ्याहत्तर वर्षांत माझ्या हातांना कुणी इतकं लक्ष देऊन हाताळलं नसेल. तिनं पट्टीचं लूप अंगठ्यात अडकवलं, मनगटाभोवती तीन वेढे घेतले, मग मुठीच्या हाडांवरून तीन, मग बोटांच्या फटींतून एक एक करत परत मनगटाकडे. हात उघडा असताना पट्टी सैलसर वाटली. "सैल आहे गं." "मूठ मिटा." मिटली, आणि पट्टी सगळीकडून आवळून आली, जशी गर्दीत कुणीतरी आपला हात न बोलता घट्ट धरावा. मिटलेल्या मुठीवर बांधली तर उघडताना ढिली पडते आणि मारताना सरकते, ती म्हणाली. पहिले दोन आठवडे ती तसंच बांधत होती. हे पुस्तकात नव्हतं. मास्तर पट्टी कशी बांधतात ते मी पाहिलंच नव्हतं. ते आले तेव्हा बांधूनच आले होते. मग हिच्या शिवणाच्या डब्यातली स्टीलची पट्टी आणून सुनेनं माझ्या हाताच्या पाठीवर ठेवली, कोपराच्या पुढून मुठीपर्यंत. पट्टी कुठेही न उचलता बसली पाहिजे. अंगठा बाहेर, बोटांवर. लागायची ती पहिली दोन हाडं, तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं. करंगळीकडची नाजूक असतात, ती बॅगेला लागू द्यायची नाहीत. मूठ आधीपासून आवळून ठेवायची नाही, लागता क्षणी आवळायची. बॅगेच्या तळाकडे मारायचं नाही, आत भरलेल्या चिंध्या खाली बसून तिथे दगड झालेला असतो. आणि जोर निम्मा. "निम्मा म्हणजे तुमच्या हिशेबात काहीच नाही," ती म्हणाली. "चला."

मी मारला. बॅगेला कळलंही नाही. दुसरा मारला. आवाज आला, बारीक, पण माझा. हाडं कापडाला लागली, कापड रेग्झिनला, आणि तो धक्का हातातून सरळ मागे गेला, कोपरात, खांद्यात, पाठीत, आणि पाठीतून कुठेतरी जमिनीत उतरला. वाटेत कुठे अडला नाही. कुठे दुखलं नाही. मास्तरांचं 'पायातून येतो' हे वाक्य मी लिहिलं होतं, तपासलं होतं, दोन आवृत्त्यांत छापून दिलं होतं. ते मला त्या दिवशी कळलं. मी तसे पाच-सहा मारले. सून म्हणाली, "वा, तज्ज्ञ!" आणि पाणी आणायला आत गेली. गॅलरीत मी एकटा होतो. मी पुन्हा पवित्रा घेतला, हात सोडला, आणि शेवटच्या वीतभरात मूठ मुद्दाम झुकवली. पंधरा अंश. ते किती असतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? जोर निम्म्याहूनही कमी होता. धक्का मनगटापर्यंत आला आणि पुढे गेला नाही, तिथेच वळला. एखादी तार आत तापवून खेचावी तशी कळ कोपरापर्यंत गेली आणि परत येऊन फुलीच्या जागी बसली. ती जागा मी कागदावर शेकडो वेळा पाहिली होती. मी मशीनला टेकलो. हा एक ठोसा होता. ती घड्याळवाली बाई आठ आठवडे मारत होती, दर वेळी कोन तपासून, दर वेळी आपलंच चुकलं म्हणत.

सून पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे बघताच तिला कळलं. "वाकवून मारलात ना? मुद्दाम?" मी मान हलवली. "वेडे आहात का? या वयात हाड मोडलं तर जुळत नाही." मग तिनं माझा हात हातात घेतला, हळूहळू फिरवून पाहिला, बोटं हलवायला लावली, आणि बर्फ आणायला पुन्हा आत गेली. तिथून तिचा आवाज आला, "आई, यांना ओरडा जरा. मला जमत नाहीये."

हात चार दिवस दुखत होता. पाचव्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसलो आणि उत्तर एका दमात लिहिलं. ते एक पान झालं. हिनं वाचायला मागितलं. "सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मला एकोणीस वर्षांपूर्वी मिळालं. तुमची चूक होत नव्हती. चूक पुस्तकात होती आणि ती मी केली. आकृती सात चुकीची आहे. मनगट झुकवायचं नसतं. कोपरापासून मुठीपर्यंत हात एका रेषेत ठेवायचा असतो. पट्टी बोटं फाकवून बांधावी, पहिली दोन हाडं लागू द्यावीत, दुखत असेल तोवर मारू नये. तुम्ही पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर करत होता, म्हणूनच दुखत होतं. मला त्याच वेळी शंका आली होती, तरी मी कळवलं नाही. तुमचा हात आता बरा आहे हे कळलं तर मला फार बरं वाटेल." खाली माझं नाव, पत्ता.

हिनं ते दोनदा वाचलं. "चांगलं आहे. शेवटचं वाक्य काढा."

"का?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिताय का तिला?"

मी कोरा कागद घेतला आणि शेवटचं वाक्य सोडून सगळं पुन्हा उतरवून काढलं. सून कामाला निघताना दारात थांबली. "ती बाई अजून त्या पत्त्यावर असेल का, बाबा? फोनवर शोधू? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," मी म्हणालो. "दुकान सापडलं नाही तर मी पत्र टाकणार नाही. मी मला ओळखतो."

"आणि परत आलं तर?"

"आलं तर येईल."

तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, चप्पल घातली आणि गेली. दहा वाजता मी निघालो. टपाल कचेरी आमच्यापासून तीन गल्ल्या. रस्त्यात फरशी बसवायचं काम चालू होतं, म्हणून पलीकडच्या बाजूनं गेलो. एका दुकानाच्या काचेत मला मी दिसलो: पाकीट दोन्ही हातांत धरलेला, बँकेत पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखा. तिचा हात थरथरायचा थांबला असेल, किंवा नसेल. तिनं दुकान विकलं असेल, किंवा कुणा दुसऱ्यानं तिला पहिल्याच महिन्यात सांगितलं असेल, बाई, हात सरळ ठेव, आणि ती पुस्तक फेकून देऊन माझं नाव कधीही न कळता सुखात असेल. हे सगळं शक्य होतं, आणि याआधीच्या एकोणीस वर्षांत मी यातल्या कशाच्या तरी आधारानं घरी परतलो असतो. पेटीपाशी पोचलो. पत्ता पुन्हा वाचला. पिनकोड वाचला. तिकीट सरळ लागलंय का ते पाहिलं. पाकिटाचं एक टोक फटीत घातलं, आणि मग मला वाटलं, 'शंका आली होती' हे पुरेसं खरं आहे का? 'शंका' म्हणावं की 'कळलं होतं' म्हणावं? घरी जाऊन तेवढा एक शब्द बदलून उद्या आणता येईल. एका दिवसानं काय बिघडतंय?

"काका," मागून एक बाई म्हणाली. तिच्या एका हातात पाकिटांचा जाड गठ्ठा होता, आणि दुसऱ्या हातात सुटू पाहणारं कुत्रं. "टाकताय, की पेटीला वाचून दाखवताय?"

माझे कान लाल झाले. "एक शब्द बदलायचा होता," मी म्हणालो.

"मग बदला."

मी खिशातून पेन काढलं, पेटीच्या डोक्यावर पाकीट ठेवलं आणि ते फाडलं. बाईनं मोठा श्वास सोडला. कागद बाहेर काढून 'शंका आली होती' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कळलं होतं'. अक्षर वाकडं आलं. मनगटात अजून थोडी कळ होती. पाकीट आता मिटेना. बाईनं आपल्या गठ्ठ्याला लावलेला चिकटपट्टीचा तुकडा सोडवून मला दिला. मी तो लावला, दाबला, आणि पाकीट फटीत सरकवून हात सोडला.

आत आधीच बरीच पत्रं असावीत. आवाज आला नाही.